विस्थापितांच्या छावण्यांसाठी ठाणे-नवी मुंबईतून मदत: काय पाठवायचं, काय नाही आणि कसं?

घोडबंदर_फेडरेशन (धागाकर्ते) | शनिवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्या आणि खारघर-नेरुळच्या काही सोसायट्या मिळून संघर्षामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबांना मदत पाठवणार आहोत. साधारण ४०० घरं सहभागी होतील. दोन ठिकाणं डोळ्यांसमोर आहेत: मणिपूरच्या मदत छावण्या आणि मिझोराममध्ये आलेले म्यानमारचे चिन निर्वासित.

प्रश्न असे:
कपडे गोळा करायचे का? बहुतेक घरांची तयारी त्याचीच आहे.
धान्य तुर्भ्याहून घाऊक घेऊन ट्रकने पाठवणं परवडेल का?
गणेशोत्सवाची वर्गणी शिल्लक आहे, ती यात वळवता येईल का?
पैसे द्यायचे तर पावती, करसवलत, खात्री हे सगळं कसं पाहायचं?
काही जणांना गाझा आणि सुदानसाठीही द्यायचं आहे. ते इथून कसं होतं?

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया आकड्यांसह लिहा. भावनेची कमतरता नाही, माहितीची आहे.

---

ईशान्य_वाट | शनिवार, सकाळी १०.०५

चांगला धागा. ट्रक, कपडे या सगळ्याच्या आधी एक फरक समजून घ्या, कारण यादी त्यावरूनच ठरते.

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून जे बेघर झाले (तेव्हा आकडा ६० हजारांच्या आसपास गेला होता) ते भारताचे नागरिक आहेत, अंतर्गत विस्थापित. त्यांचा रेशनचा, शाळेचा, मतदानाचा हक्क कायम आहे. छावणीत तांदूळ-डाळ सरकारकडून येते. कमी पडतं ते बाकीचं: साबण, पॅड, अंथरूण-पांघरूण, भाजी-अंड्यांसाठी पैसे, मुलांची फी, हरवलेली कागदपत्रं.

मिझोराममधले चिन लोक १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर सीमा ओलांडून आले. संख्या ३० हजारांच्या वर. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून कायद्याने ठरलेला दर्जा आणि त्याबरोबरचं रेशन असं काही त्यांना आपोआप मिळत नाही. राज्य सरकार, चर्च, गावोगावच्या यंग मिझो असोसिएशनच्या शाखा आणि स्थानिक लोकांनी त्यांना सांभाळलं आहे. तिथे अन्नाचीच गरज पहिली असू शकते.

म्हणजे दोन्हीकडे एकच किट पाठवणं चूक ठरेल.

दुसरी गोष्ट वाटेची. मणिपूरमध्ये खोऱ्यातल्या छावण्यांत मैतेई आणि डोंगरी जिल्ह्यांत कुकी-झो अशी विभागणी आहे. एका बाजूचा चालक दुसऱ्या बाजूच्या भागातून जाऊ शकत नाही, मध्ये सुरक्षा दलांचा पट्टा आहे. ‘खोऱ्यातल्या इंफाळला उतरवा, तिथून डोंगरातल्या चुराचांदपूरला जाईल’ हा हिशोब नकाशावर ६० किलोमीटरचा दिसतो, प्रत्यक्षात माल इंफाळच्या गोदामातच राहतो. चुराचांदपूरसाठी माल मिझोरामच्या ऐझॉलवरून डोंगरातल्या रस्त्याने न्यावा लागतो. दोन्ही बाजूंना द्यायचं असेल (द्यावं असं माझं ठाम मत आहे, भूक आणि थंडी दोन्हीकडे सारखीच) तर बुकिंगच्या दिवसापासूनच दोन वेगळे माल, दोन वेगळे घेणारे ठरवा.

---

दाणाबंदर_तुर्भे | शनिवार, सकाळी ११.३०

धान्याचं गणित मांडतो.

माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हे आपत्ती मदतीत धरलं जाणारं प्रमाण. ते गाठायला साधारण ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५० ग्रॅम सातूचं पीठ किंवा तत्सम, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ लागतं.

पाच माणसांचं कुटुंब, १५ दिवस:
तांदूळ ३० किलो
डाळ साडेचार किलो
तेल २ लिटर
सातू पावणेचार किलो
साखर सव्वा किलोच्या आत
मीठ अर्धा किलोचा एक पुडा

एका घराचं वजन ४१-४२ किलो, त्यातले ३० तांदळाचेच. शंभर कुटुंबांना सव्वाचार टन आणि तेही फक्त पंधरा दिवसांचं. नवी मुंबई ते गुवाहाटी रस्त्याने २,७०० किलोमीटरच्या आसपास, पुढे डोंगर. ईशान्येत सगळीकडे तांदूळ पिकतो आणि विकला जातो. तिथलाच तांदूळ तिथल्या बाजारात घेतला तर भाडं वाचतं, चवही त्यांची राहते. आपला कोलम किंवा उकडा तिकडच्या चुलीवर, तिकडच्या जेवणात बसेलच असं नाही. तूरडाळीला शिजायला वेळ लागतो, म्हणजे सरपण जास्त. डाळ पाठवायचीच तर मसूर, सालं काढलेली. लवकर शिजते.

घाऊक व्यवसायात आहे म्हणून सांगतो: धान्य इथून पाठवू नका. तेवढेच पैसे ऐझॉल किंवा इंफाळच्या दुकानदाराला द्या.

---

पाचपाखाडी_वाचक | शनिवार, दुपारी १२.१०

धान्याचं पटलं. पण कपड्यांना नाही म्हटलं तर निम्मी घरं यातून बाजूला होतील. लोकांना हाताने काहीतरी द्यायचं असतं, ‘पैसे द्या’ म्हटलं की हात आखडतो. कपडे नीट निवडून पाठवले तर काय हरकत?

---

ईशान्य_वाट | शनिवार, दुपारी १२.४०

@पाचपाखाडी_वाचक, हरकत नाही, पण ‘नीट निवडून’ हे दोन शब्द फार मोठे आहेत.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण आलेले कपडे तिथले लोक वापरत नव्हते आणि निवडायला माणसं नव्हती. तेच इथे होईल. साड्या आणि पंजाबी ड्रेस भरपूर जमतात. मैतेई बायका फनेक नेसतात, मिझो आणि चिन बायका पुआन. पुरुषांच्या पँट कमरेला ३८-४० च्या जमतात, तिथे २८ ते ३२ लागतात. एक बूट, तुटलेली चेन, वापरलेली अंतर्वस्त्रं हे तर दर वेळी निघतं.

घ्यायचेच असतील तर चारच गोष्टी घ्या: लहान मुलांचे स्वेटर, मोठ्यांची जाकिटं, धुतलेली ब्लँकेटं, आणि नवे कोरे मोजे-टोप्या. इंफाळमध्ये जानेवारीच्या रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, उंचावरच्या गावांत त्याहून खाली. गरम कपड्याला अंगाचं माप थोडं इकडेतिकडे चालतं, हा मोठा फायदा.

बाकीचे कपडे टाकून देऊ नका. गूंजसारखी संस्था (अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली) कपडे निवडून, दुरुस्त करून, गावातल्या श्रमाच्या मोबदल्यात देते, फाटक्यांचे कापडी पॅड आणि गोधड्या करते. त्यांच्या संकलनाच्या दिवशी तिथे नेऊन द्या. म्हणजे कोणाचंच मन मोडत नाही आणि आपल्या ट्रकमध्ये कचरा जात नाही.

---

नेरुळ_पश्चिम | शनिवार, दुपारी १.०५

+१. संकलनाच्या टेबलावर दोन माणसं अशी बसवा ज्यांना ‘काका, हे नको’ असं गोड बोलून परत देता येतं. घेतल्यावर निवडायला तिप्पट वेळ जातो.

---

दवाखाना_रोड | शनिवार, दुपारी २.२०

आरोग्याबाबत काही गोष्टी, आणि पहिली सर्वांत महत्त्वाची.

बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या पाठवू नका. हेतू कितीही चांगला असो. छावणीत उकळलेलं पाणी, धुतलेली बाटली, मोजून पावडर यांपैकी एक जरी चुकलं तर बाळाला जुलाब लागतात, आणि आईचं दूध एकदा आटलं की पुन्हा आणणं कठीण. १९९२ च्या कायद्यानेही अशी पावडर आणि बाटल्या दान म्हणून वाटायला बंदी आहे, अपवाद अनाथालयाचा. ज्या बाळाला आईच नाही त्याची सोय तिथल्या आरोग्य यंत्रणेने, मोजून आणि लक्ष ठेवून करायची असते. आपण आईसाठी पाठवू या: शेंगदाणे, गूळ, सातू, आणि आडोसा करायला पडद्याचं कापड.

औषधं: घरातल्या उरलेल्या पट्ट्या अजिबात नकोत. पोहोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी. अँटिबायोटिक, बीपी-शुगरच्या गोळ्या वगैरे तिथल्या जिल्हा आरोग्य कार्यालयाने लेखी मागितल्या तरच, बिलासह, त्यांच्याच नावे पाठवायच्या. छावणीत थेट वाटायच्या नाहीत.

ओआरएस चालेल. एक लिटर पाण्याचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत, त्यात साखर जास्त आणि क्षार कमी, जुलाब वाढतात. सोबत झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या आरोग्य सेविकेकडे द्याव्यात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, १४ दिवसांपर्यंत, त्याहून लहानाला अर्धी.

कुपोषण मोजायला दंडाच्या घेराची पट्टी लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ मध्यम. पट्ट्या हलक्या आणि स्वस्त असतात. तिथल्या आशा किंवा स्वयंसेवकांकडे नसतील तर विचारून पाठवा.

---

तलावपाळी | शनिवार, दुपारी २.५५

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. माणशी दिवसाला १५ लिटर हे पिणं, स्वयंपाक, अंघोळ धरून किमान. पाच जणांना ७५ लिटर. नळ लांब असेल तर इतकं पाणी आणायला आणि साठवायला भांडीच नसतात, आणि मग लोक कमी पाण्यात भागवतात, हात धुणं पहिलं सुटतं.

घरटी दोन भांडी द्या: एक २० लिटरचा अरुंद तोंडाचा कॅन आणायला, एक झाकणाची, तोटी बसवलेली बादली साठवायला. उघड्या बादलीत हात किंवा पेला बुडतो आणि तिथेच पाणी बिघडतं. क्लोरीनच्या गोळ्या देताना गोळी किती लिटरची ते पाहून त्याच मापाचं भांडं द्या. २० लिटरची गोळी १० लिटरमध्ये टाकली की वास येतो आणि लोक गोळ्या वापरणंच सोडतात. तोटीच्या पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, तपासायचं किट स्वस्तात मिळतं.

साबण: माणशी महिन्याला अंघोळीचा २५० ग्रॅम, धुण्याचा २०० ग्रॅम. शंभर कुटुंबांना (पाचशे माणसं) महिन्याला १०० ग्रॅमच्या १,२५० वड्या आणि १०० किलो धुण्याचा साबण.

---

खारघर_सेक्टर_२० | शनिवार, दुपारी ३.४०

पॅडबद्दल विचारायचं होतं. एकदा वापरायचे की कापडी?

---

दवाखाना_रोड | शनिवार, संध्याकाळी ४.१५

@खारघर_सेक्टर_२०, तिथल्या बायकांना विचारून. तीन प्रश्न विचारा: धुवायला पाणी आहे का, उन्हात वाळत घालायला आडोशाची जागा आहे का, वापरलेले टाकायची सोय आहे का. शाळेत किंवा हॉलमध्ये भरलेल्या छावणीत पहिल्या दोन्हींची उत्तरं बहुधा ‘नाही’ अशी येतात, तिथे एकदा वापरायचे घ्या: प्रत्येकीला महिन्याला १५. स्वतंत्र खोल्या मिळालेल्या वस्तीत कापडी चालतात: प्रत्येकीला वर्षाला ६, सोबत धुवायला महिन्याला २५० ग्रॅम जास्तीचा साबण, दोरी आणि चिमटे. दोन्ही बाबतींत नव्या निकर हव्यातच. निकरशिवाय पॅड दिले तर ते वापरता येत नाहीत, आणि हे संकोचाने कोणी सांगत नाही.

संख्या घरटी मोजू नका, १२ ते ५० वयाच्या मुली-बायका किती ते छावणीकडून घ्या. वाटप बायकांनी बायकांना करावं.

---

मेणकापड | शनिवार, संध्याकाळी ५.३०

ताडपत्रीवर थोडं सविस्तर, कारण यात पैसे सर्वांत जास्त वाया जातात.

आपल्याकडे मे महिन्यात गॅलरीवर टाकायला जे पातळ निळं मेणकापड मिळतं ते घेऊ नका. उन्हाने एका हंगामात त्याचा भुगा होतो. मदत संस्था वापरतात ते ४ बाय ६ मीटरचं, विणलेल्या एचडीपीई प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी थर दिलेलं, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास वजनाचं. एक पान पावणेपाच किलोच्या आसपास भरतं. दुकानात ‘जाड आहे’ या शब्दावर विश्वास न ठेवता काट्यावर ठेवा. २४ चौरस मीटरचं पान तीन किलो भरलं तर ते १२५ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आहे, लेबलावर काहीही असो.

काठाला दोरी शिवलेली आणि मीटरभर अंतरावर ॲल्युमिनियमचे डोळे (दोरी ओवायची भोकं) हवेत. लोखंडी डोळे गंजतात आणि तिथूनच फाटतं. घरटी दोन पानं: एक वर, एक खाली. सोबत ३० मीटर नायलॉन दोरी. वाऱ्यात फाटतं ते बहुतेकदा डोळ्याला थेट खिळा ठोकल्यामुळे. गोल दगड कापडात गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधली तर ताण एका बिंदूवर येत नाही.

माणशी डोक्यावर छप्पर असलेली जागा किमान ३.५ चौरस मीटर, म्हणजे ३८ चौरस फुटांच्या आसपास. आपल्या चाळीच्या १० बाय १० च्या खोलीत या हिशोबाने तीन माणसंही नीट बसत नाहीत. यावरून छावणीतल्या हॉलमध्ये काय होत असेल ते कळतं. तिथे ताडपत्री छतापेक्षा पडदा म्हणून जास्त लागते, कुटुंबाकुटुंबात आडोसा. ते विचारून घ्या, कारण पडद्याला हलकं कापड पुरतं आणि निम्म्याहून कमी पैशांत होतं.

---

पावती_पुस्तक | शनिवार, रात्री ८.०२

आता पैशाचा भाग. ट्रस्टच्या हिशेबांचं काम करतो, त्यामुळे थोडं लांबलचक होईल.

उत्सवाची वर्गणी वळवू नका. ज्या कामासाठी मागितली त्याच कामाला वापरायची. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी मंडळं घेतात, ती त्या कामापुरती आणि त्या मुदतीपुरती असते. विस्थापितांसाठी जमवायचं तर नवा उद्देश लिहून परवानगी घ्या.

पण मुळात फेडरेशनने जमवूच नका. प्रत्येक घराने नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावं. फेडरेशनच्या खात्यातून एकरकमी गेलं तर पावती फेडरेशनच्या नावे निघते आणि घरांना आयकराची कलम ८० जी ची (देणगीवरची) वजावट मिळत नाही. थेट दिलं तर ज्याच्या त्याच्या पॅनवर पावती येते. फेडरेशनने फक्त संस्था तपासावी आणि एकूण किती गेलं त्याची यादी ठेवावी.

८० जी च्या बाबतीत नेहमी होणाऱ्या चुका:
रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर वजावट नाही. यूपीआय किंवा चेक.
वस्तू दिल्या तर त्यांच्या किमतीवर वजावट नाही. ब्लँकेटांचं बिल जोडून उपयोग नाही.
नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावटच नाही.
बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट असते, आणि त्यालाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा. १०,००० दिले तर उत्पन्नातून ५,००० वजा, करातून नव्हे.
साधी पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. देतानाच विचारा की ते भरतात का.

संस्था तपासणं: नोंदणी क्रमांक, पॅन, ८० जी चा क्रमांक आणि मुदत, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद, मागच्या दोन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल. क्यूआर स्कॅन केल्यावर वर येणारं नाव संस्थेचं हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

---

सीवूड्स | शनिवार, रात्री ८.४०

आमच्याकडे बऱ्याच घरांतली मुलं अमेरिका-कॅनडात आहेत, त्यांनाही द्यायचं आहे. चालेल ना?

---

पावती_पुस्तक | शनिवार, रात्री ९.१५

@सीवूड्स, पासपोर्ट कोणता यावर आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यायला हवा. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळवायलाही बंदी आहे. म्हणजे ‘मुंबईतल्या मोठ्या संस्थेला द्या, ती ऐझॉलच्या छोट्या संस्थेला देईल’ ही वाट बंद.

आई-बाबांच्या खात्यात मागवून इथून देणं ही पळवाट वापरू नका. संस्था अडचणीत येते.

गाझा, सुदान वगैरेसाठी: भारतातली व्यक्ती उदारीकृत प्रेषण योजनेतून परदेशी धर्मादाय संस्थेला पैसे पाठवू शकते. वर्षाला अडीच लाख डॉलर ही सगळ्या कारणांची मिळून मर्यादा. बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, आणि कारणाचा कोड एस १३०३ लिहायचा. चुकून व्यक्तिगत भेटीचा कोड एस १३०२ टाकला तर बँक परत विचारणा करते. वर्षात १० लाखांच्या पुढे गेलं तर टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला कर) कापला जातो, तो विवरणपत्रात जमा धरता येतो. यावर ८० जी नाही. ही सोय फक्त व्यक्तींना आहे. सोसायटी, फेडरेशन किंवा ट्रस्टला नाही.

---

न्हावाशेवा | शनिवार, रात्री ९.५०

आणि परदेशात वस्तू पाठवायचा विचार कोणी करत असेल तर एवढंच: घेणाऱ्या संस्थेच्या नावे तिकडची शुल्कमाफी आधी हातात हवी. ती नसेल तर कंटेनर तिकडच्या बंदरात अडकतो आणि दिवसागणिक चढणारं भाडं आतल्या मालाच्या किमतीच्या वर जातं. पैसेच पाठवा.

---

कॅम्प_नंबर_चार | रविवार, सकाळी ७.४५

धाग्यात एक भर. आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवीन नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत ठेवलं, ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही जानेवारी १९४८ मध्ये त्याच विस्थापितांसाठी लोकवर्गणीतून सुरू झाला. आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, पाच वर्षं राहिले. तिथे त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, दवाखाना होता.

हे लिहायचं कारण: ‘तात्पुरतं’ म्हणून आलेले लोक वर्षानुवर्षं राहतात. उल्हासनगरात आजही पत्ता ‘कॅम्प नंबर’ सांगून दिला जातो. बराक मिळाली म्हणून ते उभे राहिले नाहीत. शिवणयंत्र, दुकानाचा गाळा, शाळा यांनी उभे राहिले. तेव्हा सगळी रक्कम पहिल्या ट्रकवर संपवू नका. निम्मी दोन-तीन वर्षांच्या कामाला ठेवा: दहावी-बारावीची फी, शिवण किंवा विणकामाचं साहित्य (मणिपुरी आणि मिझो बायकांच्या हाती माग आहेच, सूत आणि गिऱ्हाईक नाही), परत जाणाऱ्या कुटुंबाला भांडी, अवजारं, बियाणं.

---

खारघर_सेक्टर_२० | रविवार, सकाळी ९.००

सूत आणि गिऱ्हाईक हे फार पटलं. गिऱ्हाईक तर आपण इथे होऊ शकतो. दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी शाली आगाऊ पैसे देऊन मागवता येतील.

एक वेगळा प्रश्न: तिकडून इकडे आलेली काही कुटुंबं नवी मुंबईत नातेवाइकांकडे राहतात. मुलांना शाळेत दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून थांबवतात. काय करता येईल?

---

शाळा_आणि_हक्क | रविवार, सकाळी १०.२५

६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू आहे. कलमं तोंडपाठ करून जा:
कलम ५: शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.
कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही.
कलम १५: वर्ष सुरू झाल्यानंतरही प्रवेश द्यावा लागतो.
कलम ४: मधली वर्षं बुडाली असतील तर वयानुसार वर्गात बसवून वेगळं शिकवण्याची सोय.

महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या, नकार असेल तर लेखी मागा. बहुतेक वेळा इथेच काम होतं. तरीही अडलं तर पालिकेच्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे तोच अर्ज. भाषेसाठी इंग्रजी माध्यमाच्या पालिका शाळा पाहा, हिंदी-मराठी दोन्ही न येणारं मूल तिथे कमी बावरतं. शेजारच्या घरांनी संध्याकाळी तासभर मराठी शिकवलं तर पहिल्या सहा महिन्यांत फार फरक पडतो.

कागदपत्रं: आधार कार्ड जळलं असेल आणि मोबाइल जोडलेला असेल तर क्रमांक ऑनलाइन परत काढता येतो. मोबाइल बदलला असेल तर आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून. गुणपत्रिका अनेक मंडळांच्या डिजिलॉकरमध्ये असतात. मूळ गावचं रेशन कार्ड असेल तर ‘वन नेशन वन रेशन कार्ड’वर इथल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं, आधार जोडलेलं असलं पाहिजे. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड’ म्हणून परत पाठवतो तेव्हा सोबत कोणी स्थानिक गेलं की अडवत नाही. हे काम आपण करू शकतो, पैसे लागत नाहीत.

रात्री झोप न लागणं, मुलांचं बोलणं बंद होणं असं दिसलं तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दिवसरात्र आणि मोफत. भाषा निवडता येते.

परदेशी नागरिक (म्हणजे चिन निर्वासितही) घरी राहायला ठेवला तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करणं घरमालकाला बंधनकारक आहे. तीच माहिती दडवली की त्या कुटुंबालाच नंतर त्रास होतो.

---

कळंबोली_ट्रान्सपोर्ट | रविवार, दुपारी १२.३०

माल जाणारच असेल तर बांधणी आणि कागद:

एका खोक्यात एकच वस्तू. ‘मिक्स’ खोका तिकडे उघडून पुन्हा निवडावा लागतो. पाच पदरी खोका, वजन १५ ते १८ किलोच्या आत, कारण शेवटचा टप्पा डोक्यावर किंवा छोट्या जीपमध्ये असतो. साबण खाण्याच्या वस्तूंसोबत नको, सातू आणि चहा वास ओढून घेतात. बादल्या एकात एक घालून पाठवण्यापेक्षा प्रत्येक बादलीत त्या घराचा साबण, दोरी, पॅड भरा आणि झाकण टेपने बंद करा. वाटप करणाऱ्याचं अर्धं काम होतं. आत प्लास्टिकचं अस्तर घाला, तिकडे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस धरूनच चला.

लेबल इंग्रजीत: वस्तू, माप, नग. मराठीतलं लेबल तिथे कोणाला वाचता येणार नाही.

ब्लँकेटं आणि कपडे ट्रकची जागा आधी भरतात, वजन नंतर. १४ फुटी गाडी भरली तरी वजनाचं भाडं निम्मंच वसूल होतं. ब्लँकेटं दाबून गठ्ठे करून घ्या.

नवा माल घाऊक व्यापाऱ्याकडूनच सरळ पाठवा: बिल तुमच्या नावे, पोहोच छावणीच्या संस्थेच्या नावे. ५० हजारांच्या वरच्या मालाचं ई-वे बिल (जीएसटीचा वाहतुकीचा ऑनलाइन कागद) मग तोच काढतो. ई-वे बिलाची मुदत अंतरावर असते. वाटेत दरड कोसळून गाडी थांबली तर संपायच्या आसपासच ती वाढवून घ्यावी लागते, चालकाला आधीच सांगून ठेवा. गोळा केलेल्या जुन्या वस्तूंसाठी संस्थेच्या लेटरहेडवर ‘मदत साहित्य, विक्रीसाठी नाही’ असं पत्र आणि नगांची यादी. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) घेणाऱ्यांचे दोन फोन, एक बंद असतोच. उतरवण्याची हमाली कोण देणार ते आधी ठरवा, नाहीतर ज्यांना मदत पाठवली त्यांच्याच खिशातून जाते.

कमी माल असेल तर कुर्ला टर्मिनसवरून गुवाहाटीच्या गाडीने रेल्वे पार्सल स्वस्त पडतं. पण गुवाहाटीला सोडवून घेणारा माणूस आधी पक्का हवा.

मणिपूर-मिझोरामला सोबत स्वयंसेवक जाणार असतील तर इनर लाइन परमिट (राज्यात शिरायचा परवाना) लागतं. ट्रकसोबत जाऊ नका. गाडी अडकली तर तुमची सोय करायचं ओझं तिथल्यांवर पडतं.

---

नेरुळ_पश्चिम | रविवार, दुपारी १.१५

फोटोंबद्दल कृपया आधीच ठरवा. वाटपाचे फोटो टाकायचा आग्रह देणगीदार धरतात. तिथे नाव, चेहरा आणि गाव यांवरून माणूस कोणत्या समाजाचा आणि सध्या कुठे आहे ते कळतं, आणि चिन कुटुंबांचे नातेवाईक अजून पलीकडे आहेत. खोक्यांचा, बिलांचा, सही केलेल्या पोचपावतीचा फोटो मागा. लाभार्थींची यादी व्हॉट्सॲपवर फिरवू नका, संस्थेकडेच राहू द्या.

---

घोडबंदर_फेडरेशन (धागाकर्ते) | रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळपासून फेडरेशनच्या बैठकीत हाच धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं:

वर्गणीला हात लावणार नाही. धान्य पाठवणार नाही. घरं थेट संस्थांना पैसे देतील. एक इंफाळ खोऱ्यातली, एक चुराचांदपूरची, एक ऐझॉलची. कागद तपासून नावं सोसायट्यांना कळवू. @पावती_पुस्तक, तुम्ही तपासणीला मदत कराल का? व्यक्तिगत निरोप पाठवतो.

तिन्हीकडे आज प्रश्न पाठवले: माणसं किती, १२ ते ५० वयाच्या बायका किती, पाच वर्षांखालची मुलं किती, पाणी कुठून, आडोसा आहे का, पुढच्या तीन महिन्यांत काय कमी पडेल, आणि काय पाठवू नये. ऐझॉलहून उत्तर आलंय: तांदळासाठी पैसे, पॅड, आणि नववी-दहावीच्या मुलांची वह्या-पुस्तकं. कपडे नकोत असं स्पष्ट लिहिलंय.

ब्लँकेटं आणि स्वेटर फक्त मणिपूरसाठी, सप्टेंबरअखेर निघतील असे. निवडीचं टेबल येत्या रविवारी सकाळी ९ ते १, क्लबहाउसमध्ये. सहा जणांची गरज आहे. कात्री, मार्कर, वजनकाटा आणि टेप घेऊन यावं. @मेणकापड, ताडपत्री घ्यायला शनिवारी सोबत याल का? काटा आम्ही आणतो.